थांबलेले चार एकर

नळाला खोकला आला तेव्हा माझ्या डोक्याला शाम्पू होता. आधी हवा आली, मग लालसर गाळ, मग दोन थेंब, आणि मग काहीच नाही. टॉवेल गुंडाळून मी बाहेर आले तर बाबा अंगणात बोअरच्या पाइपाला कान लावून उभा होता. पंप घरघरत होता, पण त्याच्या घशाला काही लागत नव्हतं.

"संपली," बाबा म्हणाला.

"काय संपली?" आईनं दारातून विचारलं.

"बोअर. दोनशे फुटांवर आता नुसती माती आहे."

आईनं प्यायच्या बाटल्यांनी माझं डोकं धुतलं. तीन बाटल्या गेल्या. चौथी मागितली तर म्हणाली, "राहू दे नं, तेवढा फेस केसांना चांगला असतो." तिचं तिलाच हसू आलं आणि लगेच विरलं.

आम्ही फ्रेस्नोपासून पाऊण तासावर, रोड बावीसवर राहतो. चौदा घरं, एक बंद पडलेलं गॅस स्टेशन, आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथपर्यंत द्राक्षं नाहीतर बदाम. बाबा पुण्याचा. बदामाच्या एका मोठ्या मळ्यात ड्रिपच्या लाइन बघतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या झाडांना पाणी पाजतो. आई नागपूरची. ती वृद्धांच्या केंद्रात काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या आजीआजोबांना अंघोळ घालते. त्या उन्हाळ्यात दोघं घरी यायची आणि एका बादलीत तिघांचे पाय धुवायचे. मी शाळेच्या जिममध्ये पहिल्या तासाच्या आधी अंघोळ करायला लागले. कोच विचारायच्या, "वल्लरी, ट्रॅक टीममध्ये येणार का, रोज एवढ्या लवकर असतेस?" मी म्हणायचे, "थिंकिंग अबाउट इट."

बोअर खोल करणाऱ्यांची वेटिंग लिस्ट चौदा महिन्यांची होती. काउंटीकडून मिळणाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी आमच्या पुढे दोनशे घरं होती. म्हणून चौथ्या दिवशी आम्ही दस्तगीरकाकांच्या नळावर गेलो.

दस्तगीरकाका बागवान तासगावचे. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी द्राक्षं तोडायला मजूर म्हणून आले आणि तोडता तोडता वीस एकरांचे मालक झाले. मनुक्यांचा मळा. वय चौऱ्याहत्तर, गुडघे वाकडे, डोक्यावर जॉन डिअरची हिरवी टोपी आणि तिच्याखाली पांढरी जाळीची. त्यांच्या मळ्याच्या कोपऱ्यावर साडेसहाशे फूट खोल विहीर आहे, आणि तिथून रस्त्यापर्यंत पाइप आणून त्यांनी एक नळ लावलेला. नळाखाली सिमेंटचं छोटं कुंड, पाखरांसाठी आणि कुत्र्यांसाठी. आमची बोअर जिवंत होती तोवर आम्ही त्या नळाकडे गाडीतून नुसतं बघत जायचो.

मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. त्यामुळे बाबाचा पिकअप, मागे आठ कॅन, आणि चालवणारी मी. एक भरलेला कॅन म्हणजे वीस किलो. पहिल्या आठवड्यात माझे दंड दुखून मला पेन धरता येईना. दुसऱ्या आठवड्यात मी दोन हातांत दोन कॅन उचलून पिकअपवर चढवले आणि आमच्याच रस्त्यावरच्या ओचोआ आजींच्या नातवानं टाळ्या वाजवल्या. मी खाली वाकून मुजरा केला. खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं खूप कौतुक वाटलं.

त्या पहिल्या दिवशी रांगेत मागे वळून बघितलं तर काका. हातात निळा कॅन.

"काका, तुम्ही रांगेत का?"

"मग कुठं उभा राहू? झाडावर?"

"पण नळ तर तुमचाच आहे."

"कोण म्हणलं?" त्यांनी विहिरीच्या शेडकडे हनुवटी केली. "त्यो कागद वाच. जोरात वाच, हितं समद्यांना येऊ दे ऐकू. आणि मराठीत सांग. बघू तुझ्या आईनं काय शिकवलंय."

शेडच्या दारावर प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद होता, वकिलाच्या इंग्रजीत. मी वाचत वाचत मराठी करत गेले. ही विहीर, हा नळ आणि विहिरीलगतच्या द्राक्षांचे चार एकर, बारा ओळी, आजपासून वक्फ. विकायचे नाहीत. कुणाला द्यायचे नाहीत. वारसांनी मागायचे नाहीत. विहिरीचा आणि पंपाचा जो काही खर्च असेल तो या चार एकरांच्या फळातून. पाणी घेणाऱ्याला नाव विचारू नये. देणाऱ्यानं पाणी घ्यायचं ते इतरांसारखं. खाली दोन सह्या, दस्तगीर बागवान आणि रशीदा बागवान.

"वक्फ म्हणजे दान ना?" मी विचारलं.

"दान दिलं की संपलं. आज दिलं, उद्या खाल्लं. वक्फ म्हंजे थांबवणं. जमीन थांबली. आता ती कुणाचीच न्हाई, देवाची. झाड थांबतंय, फळ चालत ऱ्हातंय." मग मला न्याहाळून म्हणाले, "मराठी बरी हाय. 'वारसांनी' बरोबर म्हणलीस."

रशीदाकाकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. कल्पना त्यांची होती. काकांचा मुलगा जुनैद सॅन होजेत असतो. सही करायच्या आधी त्यांनी त्याला बोलावून घेतलं होतं. तो म्हणाला, "अब्बा, नुसता नळ लावा की, कागद कशाला?" आणि काकू म्हणाल्या, "नळ तुझ्या अब्बांच्या मर्जीवर चालेल. कागद त्यांच्या माघारी चालेल." हे मला काकांनी सांगितलं, आणि सांगताना ते रिकामा कॅन या हातातून त्या हातात घेत राहिले.

मी कागदाकडे परत परत बघत राहिले. स्वतःची विहीर स्वतःच्या हातानं सोडून द्यायची आणि मग तिच्यापुढे कॅन घेऊन नववं उभं राहायचं. शाळेत आम्हाला खूप मोठ्या मोठ्या माणसांबद्दल शिकवतात. असा कुणी मला आजवर भेटलेला नव्हता.

आईला मात्र हे पाणी पचत नव्हतं. फुकटचं घ्यायचं म्हटलं की तिची मान अवघडते. दर वेळी पाण्याला जाताना ती डबा घेऊन जायची. कधी पाटवड्या, कधी साबुदाण्याची खिचडी, कधी नुसती लसणाची चटणी.

काका डबा घ्यायचे, उघडून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "रत्ना, हे पाण्याचं न्हाई. हे शेजाराचं म्हणून घेतो."

"हो हो," आई म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी मोठा डबा.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात विहिरीची मोटार जळाली. शेडमधून धूर आला, कडवट वास सुटला, आणि नळ आमच्या नळासारखाच खोकला. बाबानं पॅनल उघडून बघितलं. सगळी वायंडिंग काळी.

मोटार बसवणारा माणूस आला, गुडघ्यावर वही ठेवून लिहीत बसला आणि म्हणाला, नवीन मोटार ऑक्टोबरमध्ये मिळेल, तुमचे मनुके विकले गेले की पैसे द्या. ते काकांना आणि त्याला, दोघांनाच पटलं. चार एकरांचे मनुके ऑक्टोबरपर्यंत सुकले, विकले गेले, तर मोटार. नाही तर नाही.

त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाला, "मी दीपाशी बोललोय."

दीपामावशी फ्रीमाँटला टाउनहाउसमध्ये राहते. तिच्याकडे गॅरेजवर एक खोली रिकामी आहे.

"ऑक्टोबरच्या पंधरा तारखेपर्यंत नळाला पाणी आलं तर ठीक. नाहीतर आपण तिकडे. वल्लरी तिकडची शाळा जॉइन करेल. बाटलीनं भांडी घासून किती दिवस काढायचे?"

"मी ज्युनियर आहे," मी म्हणाले. "अकरावीत शाळा बदलायची?"

"आता गावातून पाणी आणण्यात तुझा रोज एक तास जातो. तुझे कॅलक्युलसचे मार्क मला माहितीयेत."

आईनं माझ्या खोलीत दोन रिकामी खोकी आणून ठेवली. मी त्यांच्यावर बसून अभ्यास केला, पण ती भरली नाहीत.

ऑगस्टच्या शेवटी तोडणी झाली. मजुरांची टोळी आली, बाकदार चाकूंनी घड कापत गेली आणि ओळींच्या मधल्या सपाट केलेल्या मातीवर कागदाचे ट्रे पसरून त्यावर द्राक्षं ओतत गेली. आख्ख्या वीस एकरांत हिरव्या घडांचे चौकोन. दोन दिवसांत ते पिवळे झाले, आठवड्यात तांबूस, मग कडेनं काळे. हवेला गूळ करपल्यासारखा वास. शाळेतून आले की मी वक्फच्या बारा ओळींत ट्रे उलटायला जायचे. एका ट्रेवर रिकामा ट्रे ठेवायचा, दोन्ही कडा धरायच्या, आणि पापड उलटतात तसा एक झटका. पहिल्या दिवशी अर्धी द्राक्षं मातीत. काका मागून म्हणाले, "उचल. एक एक उचल. ती तुझी न्हाईत, माझीबी न्हाईत." मी गुडघ्यावर बसून एक एक उचललं. बोटं साखरेनं चिकटली, वेलांवरची गंधकाची पूड डोळ्यांत गेली, एका गांधीलमाशीनं मानेला चावा घेतला. चौथ्या दिवशी माझा झटका जमला. शंभर ट्रे, एक मनुका खाली नाही.

वक्फच्या ओळी कुठल्या ते चटकन कळायचं. त्यांच्या पहिल्या खांबांना निळ्या चिंध्या बांधलेल्या. रशीदाकाकूंच्या ओढणीच्या.

सप्टेंबरच्या सोळा तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी, सगळ्यांच्या फोनवर एकदम आलं. उद्या दुपारी पाऊस. आमच्याकडे सप्टेंबरात पाऊस म्हणजे उघड्या मनुक्यांचं मरण. ओले झाले की बुरशी, बुरशी की संपलं. ट्रेची कागदासकट गुंडाळी करून ठेवली तर पाऊस वरून ओघळून जातो. पण वीस एकर म्हणजे वीस हजार ट्रे. आणि उद्या प्रत्येक मळेवाल्याला तेच मजूर हवे होते.

शनिवारी पहाटे उजाडता उजाडता काका पिकअप काढून टोळी शोधायला गेले. ते गेले आणि आई उभी राहिली. अख्खा उन्हाळा अवघडलेली तिची मान त्या दिवशी पहिल्यांदा सरळ दिसली. तिनं ओचोआ आजींना बोलावलं, पलीकडच्या घरातल्या दोन भावांना उठवलं, बाबाला मळ्याची सुट्टी टाकायला लावली. आठ वाजता आम्ही अकराजण होतो.

"निळ्या चिंध्या नंतर," आई म्हणाली. "आधी त्यांच्या स्वतःच्या ओळी. त्या माणसानं आपल्याला अख्खा उन्हाळा पाणी पाजलंय. आज त्याचं पीक आपण वाचवायचं."

कुणालाच यात काही चूक वाटली नाही. मलाही नाही. मला तर रडू येईल इतकं बरोबर वाटलं.

कागदाची एक कड धरायची, मनुके मध्ये लोटायचे, बाजू आत दुमडायच्या आणि चपातीच्या रोलसारखं घट्ट गुंडाळत न्यायचं. गुडघा, हात, गुंडाळी, पुढचा ट्रे. गुडघा, हात, गुंडाळी. ओचोआ आजी सत्तरीच्या, पण त्या माझ्या दोन ट्रेंच्या वेळेत चार करायच्या. मला त्या मिहा म्हणायच्या, म्हणजे पोरी. "यू रोल लाइक अ डॉक्टर, मिहा," म्हणाल्या. "स्लो अँड एक्स्पेन्सिव्ह." दहा वाजता आमच्या तीन ओळी झाल्या होत्या. पश्चिमेला आभाळ ओल्या पाटीसारखं.

तेवढ्यात काकांचा पिकअप आला. टोळी मिळाली नव्हती. ते उतरले, आमच्याकडे बघितलं, निळ्या चिंध्यांकडे बघितलं, आणि त्या वाकड्या गुडघ्यांनी धावत आले. मी त्यांना कधी धावताना बघितलं नव्हतं.

"हे काय केलं? कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं, काका," आई उठून उभी राहिली. तिचे गुडघे मातीनं भरलेले. "तुमच्या तीन ओळी झाल्या. अजून करतो."

"माझ्या ओळी सोडा. उठा, समदे उठा. वक्फ उघडा पडलाय."

"अहो पण तुमचे सोळा एकर आहेत. ते वाचले तर तुम्हीच मोटार बसवाल की. तुम्ही काय आम्हाला तहानलेलं ठेवणार आहात का?"

काकांनी टोपी काढली. आतली जाळीची टोपी घामानं चिकटली होती.

"बसवीन. आज म्हणतो बसवीन. उद्या जुनैदला घराला पैसे लागले तर? परवा मीच गेलो तर? रत्ना, माझ्या चांगुलपणावर चौदा घरांचं पाणी ठेवू नगंस. मला माहीत हाय त्यो किती हाय त्यो. म्हणून तर लिहून दिलं."

ओचोआ आजींना मराठीचा एक शब्द कळला नव्हता, पण सगळ्यांत आधी त्या उठल्या आणि आपली पाण्याची बाटली घेऊन निळ्या चिंध्यांकडे चालायला लागल्या.

आईचा चेहरा पडला होता. उपकार फेडायला गेली आणि ज्याच्यावर सगळा रस्ता जगतो तेच उघड्यावर टाकून बसली. बाबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिनं तो झटकला आणि पळत जाऊन पहिल्या ओळीत गुडघे टेकले.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही, तुकडे आठवतात. बाबानं फोन करून आणखी माणसं बोलावली. बारा वाजता आम्ही वीस होतो. सगळीकडे फक्त कागदाचा आवाज. माझ्या उजव्या अंगठ्याची कातडी निघाली, तिथे साखर झोंबायला लागली, मी अंगठा तोंडात घातला आणि तो इतका गोड लागला की मला हसू आलं. एका ट्रेखालून लाल ठिपक्याची काळी कोळीण निघाली, मी ती चपलेनं बाजूला केली आणि पुढे गेले. एरवी मी घरच डोक्यावर घेतलं असतं. काका आमच्या पुढे ओळीत होते, बसून पुढे सरकत, कारण त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांच्या पँटचं बूड फाटलं.

तीनला पहिला थेंब माझ्या हातावर पडला. अकरा ओळी झाल्या होत्या. बाराव्या ओळीत आम्ही सगळे दोन्ही टोकांनी घुसलो आणि अर्ध्यावर पाऊस असा कोसळला की हातातला कागदच फाटायला लागला.

"बास," काका म्हणाले. "बास झालं."

आम्ही पिकअपच्या आडोशाला उभे राहिलो. समोर काकांचे सोळा एकर. तीन ओळी सोडल्या तर सगळे ट्रे उघडे. पाणी त्यांच्यावर नाचत होतं, कागद तपकिरी होत होता, मनुके फुगत होते. वर्षभराचं काम एका तासात चहाच्या चोथ्यासारखं झालं. काका उलट्या बादलीवर बसून बघत होते. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. मला वाटलं ते रडतील. ते ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मग माझ्या अंगठ्याकडे लक्ष गेलं त्यांचं.

"हळद लाव घरी गेल्यावर," म्हणाले.

मी आजवर ग्रँड कॅन्यन बघितलंय, सिकोयाची झाडं बघितलीत, तीन हजार वर्षं उभी असलेली. मान वर करून करून दुखली होती तेव्हा. त्या पावसात एका उलट्या बादलीवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे बघताना मला तसंच झालं. मान वर करावीशी वाटली.

पुढच्या आठवड्यात कडक ऊन पडलं. वक्फच्या गुंडाळ्या आम्ही उघडून, वाळवून परत बांधल्या. अर्धी ओळ गेली होती. मनुके भरायच्या दिवशी काकांनी स्वतःच्या त्या तीन सुक्या ओळींची खोकी उचलून वक्फच्या गाडीत ठेवायला सुरुवात केली.

"काका, त्या तुमच्या आहेत," बाबा म्हणाला.

"ओळी माझ्या. पण दोन तास कुणाचे खाल्ले त्यांनी? वक्फचे. त्या दोन तासांत बारावी ओळ झाली असती."

आईनं हे ऐकलं. तिनं एक खोकं उचललं आणि गाडीत ठेवलं. मग दुसरं.

काकांच्या भिजलेल्या मालाला एक गिऱ्हाईक आलं, दारूच्या भट्टीचं. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि सगळा माल शेजारच्या डेअरीतल्या गायींना घातला. त्या आठवड्यात रोड बावीसवरच्या गायींइतकं आनंदी कुणी नव्हतं.

ऑक्टोबरच्या नऊ तारखेला मोटार बसली. रविवार होता. बटण बाबानं दाबलं. आधी हवा आली, मग लालसर गाळ. मग पांढरं, जाड, थंड पाणी, साडेसहाशे फुटांवरून वर आलेलं. पहिलं पाणी काकांनी सिमेंटच्या कुंडात पडू दिलं. ओचोआ आजींचा कुत्रा सगळ्यांच्या आधी प्यायला.

मग रांग लागली. बाबा रांगेतूनच दीपामावशीशी बोलत होता, "हो, हो, कॅन्सल केलं. अगं नाही, खोली भाड्यानं देऊन टाक." मी तिसरी होते. वळून बघितलं तर काका मागे, निळा कॅन घेऊन. त्यांच्या पुढे आठजण.

"काका, आज तरी पुढे या ना."

"तुझा नंबर कितवा?"

"तिसरा."

"मग तिसरी भर. आणि नळ नीट बंद कर, तुझा हात लागला की ठिबकतो."

लोक हसले. मीही हसले आणि दोन कॅन भरले, दोन्ही हातांनी उचलले.

तेवढ्यात आई आली. कामाच्या कपड्यांतच, थेट केंद्रावरून. ती रांगेच्या शेवटी, काकांच्या मागे उभी राहिली. तिच्या एका हातात कॅन होता. दुसरा हात मोकळा होता.

काकांनी तिच्या मोकळ्या हाताकडे बघितलं. "रत्ना, आज डबा न्हाई?"

"नाही," आई म्हणाली. "आज पाणी न्यायला आलेय."

रांग हलली तसा काकांनी आपला कॅन पायानं एक पाऊल पुढे सरकवला. आईनंही.